दोऱ्याचं दार

शिलाईखान्याचं शटर वर जायचं तेव्हा आत अजून काळोख साचलेला असायचा, कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास पोटाशी धरून बसलेला. आधी थोरली आत शिरायची, मागून धाकटी. दोघी जावा. घर एक, डब्याची पिशवी एक, एक बंद हिच्या हातात, दुसरा तिच्या. बाकीच्या बाया यायला अवकाश असायचा. दिवा लागला की थोरली आपल्या मशीनपाशी न जाता बॉबिनं भरायला बसायची, आपलीही आणि धाकटीचीही. आणि धाकटी थोरलीच्या मशीनपुढे वाकायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची, सुईच्या नेढ्यातून आरपार काढून द्यायची.

एवढंच. पण एवढ्यावर थोरलीचं काम उभं होतं.

थोरलीला लांबचं सगळं दिसायचं. गल्लीच्या टोकाला कोण उगवलं ते ती नुसत्या चालीवरून सांगायची. जवळचं तेवढं तिच्यावर रुसलं होतं. त्यानंही शिवणं फारसं अडत नसे, कारण कॉलरची कड तिच्या बोटांना पाठ होती आणि टाका वाकडा गेला तर तो तिला डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचा. नेढं मात्र बोटाला दिसत नाही. चष्मा लावावा, तर शिलाईखान्यातली रीत सगळ्यांना ठाऊक होती. चाळिशी लागली की मशीन सुटली. नाकावर चष्मा आलेल्या बाईला मशीनवरून उठवायचे आणि कोपऱ्यात धागे कापायला बसवायचे, निम्म्या पगारावर. म्हणून थोरलीनं चाळिशीला दाराबाहेर उभं ठेवलं होतं, आणि दाराला कडी लावून धाकटी उभी होती.

दिवसाउजेडी दोरा तुटला तर काय, त्यावरही तोड काढलेली होती. दोरा तुटला की थोरली गाणं धरायची. तिनंच जुळवलेलं, दोनच ओळींचं.

हरवलं गं हरवलं, माझ्या दोऱ्याचं गं दार…

आणि धाकटी आपल्या जागेवरून दुसरी ओळ म्हणत उठायची.

दिवा घेऊनी हातात, उभी बहीण वेशीवर.

उठायची कात्री आणायला, कापडाचा गठ्ठा उचलायला, काहीतरी निमित्त करून. जाता जाता थोरलीच्या मशीनवर हात फिरायचा आणि दोरा आपल्या दारातून आत गेलेला असायचा. कुणाला पत्ता नाही. उलट बाया म्हणायच्या, काय गोड गळे आहेत दोघींचे. कफ शिवणारी एक होती, तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी लागायची ती संध्याकाळीच बंद व्हायची. ती म्हणायची, “जावा म्हणजे भांड्याला भांडं. ह्या दोघी कुठल्या मातीच्या आणल्यात, काही कळत नाही. नुसत्या गातात.”

“तुझी जाऊ नाही गात?” धाकटी विचारायची.

“गाते की. माझ्या नावानं.”

मंदी आली ती पायांनी चालत आलेली कुणी पाहिली नाही. भिंतीला टेकून उभे असलेले कापडाचे गठ्ठे आधी कमरेएवढे झाले, मग गुडघ्याएवढे, मग त्यांच्यामागची भिंत दिसायला लागली आणि त्या भिंतीचा रंग हिरवा आहे हे बायांना पहिल्यांदाच कळलं. तयार माल न्यायला गाडी यायची, तीही चार दिवसांआड येऊ लागली. मग मशीनींवर खोळी चढल्या. आधी काजवालीच्या मशीनवर, कारण तिला दिवस गेले होते आणि ती नाहीतरी सुट्टीवर जाणारच होती. मग जी लांबून यायची तिच्या, कारण तिला उशीर व्हायचा. मग जिचा नवरा चांगला कमावतो असं कुणीतरी म्हणालं होतं, तिच्या. प्रत्येकीच्या खोळीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण ऐकायला रास्त वाटायचं. कटिंगच्या टेबलावरचे पुरुष मात्र होते तिथंच होते. इस्त्रीवालाही.

“त्यांच्यावर घर आहे,” काम वाटून देणारे मास्तर म्हणाले.

“आणि आमच्यावर काय, नुसते पत्रे?” रेडिओ म्हणाली. हसायला पाहिजे होतं. दोघीतिघी हसल्याही, पण आपापल्या मशीनकडे बघत.

मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी एके दिवशी संध्याकाळी दोघी जावांना थांबवून घेतलं, गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

“मालकाचं म्हणणं असं आहे,” ते म्हणाले, “की एका घरातल्या दोघी ठेवायच्या नाहीत. एका चुलीला एक पगार.”

“म्हणजे कुणी जायचं?” थोरलीनं विचारलं.

“ते माझ्या तोंडून नको, बाई. उद्या दोघी कॉलर शिवा, दुपारच्या सुट्टीपर्यंत. जिचा ढीग मोठा, ती राहील. म्हणजे मलाही बोल नको आणि तुम्हा दोघींतही कडूपणा नको.”

घरी जाताना पिशवीचे बंद दोघींनी धरलेले होते. डबा रिकामा होता तरी पिशवी जड वाटत होती. थोरली हसली.

“शर्यत लावली मास्तरांनी आपली. हरेल तिनं भांडी घासायची.”

“भांडी तर आत्ताही तुम्हीच घासता, जाऊबाई.”

“मग तू जिंकलीस म्हण की.” पिशवीचा बंद तिनं जरा वर ओढला. मग चालता चालताच म्हणाली, समोर बघत, “ढीग कुणाचाही मोठा होवो. दोरा तेवढा ओव. नुसत्या दोऱ्यासाठी हरले तर मला झोप लागायची नाही.”

“हे काय सांगायचं झालं?” धाकटी म्हणाली. आणि तेव्हा ती अगदी मनापासून म्हणाली होती.

घरात खोल्या दोन. धाकटीचा नवरा टेम्पो चालवायचा. म्हणजे चालवायचा ते आधी. आता तो टेम्पो बाजाराच्या तोंडाशी उभा करून दिवसभर बसायचा आणि संध्याकाळी तसाच परत आणायचा. गाडी भरत नव्हती, म्हणून आता तोंड भरून बोलायचा तेवढं. त्या संध्याकाळी धाकटीनं त्याला मास्तरांचं सांगितलं. तो पायातले बूट काढत होता.

“वहिनी घरी राहिल्या तर बरंच आहे,” तो म्हणाला. “आपल्या चिमणीची शाळा, घरातलं, सगळं बघतील. तू घरी बसलीस तर मीही घरी, तूही घरी. एकमेकांची तोंडं बघायची?”

“हळू बोला.”

“हळूच बोलतोय.”

पलीकडच्या खोलीत कपबशा धुतल्याचा आवाज येत होता. तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच मोठ्यानं.

थोरलीचा नवरा गेल्याला काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात वहिनी म्हणून राहणं वेगळं आणि पगार आणणारी वहिनी म्हणून राहणं वेगळं, हे कुणी बोललं नव्हतं पण भिंतींनाही ठाऊक होतं. कामावरून आली की थोरली खुर्चीत बसायची, पाय लांब सोडायची, आणि दीर स्वतः उठून चहा ठेवायचा. त्या खुर्चीतलं बसणं तिचं तिनं कमावलेलं होतं.

आणि धाकटीचं काय? घरात बसणं काय असतं ते धाकटीला ठाऊक होतं. चिमणी लहान असताना ती बसली होती. दिवस दिवस भिंतीशी बोलायची, आणि नवरा आला की भिंतीइतकंच तो उत्तर द्यायचा. मग थोरलीनंच तिला हाताला धरून शिलाईखान्यात नेलं, आपल्या शेजारी बसवलं, फाटक्या कापडावर सरळ टाका घालायला शिकवलं. पहिल्यांदा मशीन तिच्या पायाखाली धावली तेव्हा धाकटीला वाटलं होतं, हा आवाज माझा आहे. तो आवाज आता तिला सोडवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं, दिवा लागला, थोरलीनं बॉबिनं भरली. धाकटीनं दोरा ओवला. नीट ओवला, टोक चांगलं हातभर लांब ओढून ठेवलं. मग दोघी बसल्या आणि मशीनी धावू लागल्या.

थोरलीचा हात जुना होता. तिचा ढीग आधी वाढला. धाकटी तिरक्या नजरेनं बघत होती. कॉलरवर कॉलर चढत होती, टोकं अशी काढलेली जशी पाखराची चोच. धाकटीचं कापड एकदा सरकलं, उसवावं लागलं. रेडिओ मध्येच म्हणाली, “श्वास तरी घ्या गं बायांनो, शर्यत आहे का जत्रा.” दोघींच्या मशीनी तशाच धावत राहिल्या.

मग थोरलीची मशीन थांबली.

हरवलं गं हरवलं, माझ्या दोऱ्याचं गं दार…

धाकटीनं ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर आज निदान स्वतःवर सरळ राग तरी धरता आला असता. तिनं एवढंच मनाशी म्हटलं, ही एक कॉलर पुरी करते आणि उठते. ती पुरी झाली. दुसरी हातातच होती, तिची एक बाजू तर झालीच होती, ती अर्धी कशी ठेवायची? तीही पुरी केली. मान खाली, डोळे सुईवर, आणि सुई अशी खालीवर नाचतेय की जणू तिला कुणी हाकारतच नाही.

थोरलीनं दोरा ओठांत धरला, ओला केला, सुईशी नेला. दोरा नेढ्याच्या कडेला अडला आणि वाकला. तिनं टोक दातांनी तोडलं, पुन्हा नेला. पुन्हा वाकला. शेजारणीला म्हणता आलं असतं, बाई, एवढं ओवून दे. पण म्हटलं की संपलं. मास्तर कटिंगच्या टेबलापाशीच उभे होते.

हरवलं गं हरवलं…

दुसऱ्यांदा ते जरा मोठ्यानं आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यात चाल उरली नव्हती, नुसते शब्द होते, कुणी अंधारात दारावर हात फिरवावा तसे.

“अगं धाकटे,” रेडिओ म्हणाली, “जाऊ हाक देतेय की तुझी. आज पुढची ओळ गिळलीस?”

सगळ्यांच्या माना वळल्या. आता ऐकू आलं नाही असं म्हणायलाही जागा उरली नाही.

“गळा बसलाय,” धाकटी म्हणाली.

आणि हे म्हणताना तिचा आवाज चांगला खणखणीत निघाला.

थोरली पुन्हा गायली नाही. तिनं दोरा सोडला, दोन्ही हात मशीनवर ठेवले, आणि सुट्टी होईपर्यंत तशीच बसून राहिली, एखादं माणूस ओट्यावर उन्हाला बसतं तशी. मास्तर आले. त्यांनी दोन्ही ढीग नुसते डोळ्यांनी पाहिले, मोजायची गरज नव्हती. “काय झालं, बाई?” त्यांनी विचारलं. “तुमचा हात आज बसला कसा?”

“बसला,” थोरली म्हणाली.

तिची खोळ तिनं स्वतः चढवली. चारही कोपरे नीट ओढून घेतले, लहान मुलाचं पांघरूण ओढावं तसे.

संध्याकाळी धाकटी एकटीच घरी आली, पिशवीचे दोन्ही बंद एका हातात घेऊन. येताना वाटभर तिनं वाक्यं जुळवली होती. मशीनचा आवाज होता, जाऊबाई. मला वाटलं तुम्ही सहज गाताय. मी उठणारच होते. तिच्याकडे तीन वाक्यं होती आणि तिन्ही खोटी होती, आणि त्यातलं कुठलं कमी खोटं ते तिला ठरवता येईना.

थोरलीनं दार उघडलं. काही विचारलं नाही. आत गेली, एक पेला घेऊन आली. कोमट पाणी, त्यात मीठ.

“गळा बसलाय ना,” ती म्हणाली. “गुळण्या कर. रात्रीत बरा होईल.”

धाकटीनं पेला घेतला. मोरीत उभी राहून तिनं गुळण्या केल्या, एकेक घोट घेऊन, पेला रिकामा होईपर्यंत, दुखत नसलेल्या गळ्याच्या. नंतर जेवताना तिला मुद्दाम घोगरं बोलावं लागलं. नवरा म्हणाला, “आवाजाला काय झालं हिच्या?” तर थोरलीच म्हणाली, “कापडाची धूळ जाते, भाऊजी. होतं असं.”

त्या दिवसापासून डबा थोरली भरायची. धाकटीची चप्पल दाराशी सरळ करून ठेवलेली असायची. ती कधी टाकून बोलली नाही, कधी भांडं आपटलं नाही, आणि धाकटीला वाटायचं, आपटावं एखादं. भांड्याला भांडं लागलं असतं तर ह्या घरात निदान आवाज झाला असता.

नवऱ्याला सगळं बरं वाटत होतं. “घराला घरपण आलं बघ,” तो म्हणायचा. पहिल्यांदा त्यानं म्हटलं, “वहिनी, जरा चहा टाकता का?” मग काही दिवसांनी, “वहिनी, चहा.” थोरली खुर्चीत बसायची सोडून उंबऱ्याशी बसू लागली, आणि कुणी आत आलं की चटकन उठायची, वाट द्यायला, जागा भरपूर असली तरी. साबण संपला की आधी ती येताना घेऊनच यायची. आता म्हणायची, “साबण संपलाय हं,” आणि म्हणताना हसायची, जणू साबण तिनंच जास्त वापरला होता. धाकटी दुसऱ्या दिवशी दोन वड्या आणायची. दोन आणल्या तरी मनातला मळ जात नव्हता.

एकदा थोरली चिमणीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण घालत होती. चिमणीला तिनं सुई ओवायला दिली. चिमणीनं जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, दोरा आत घातला आणि टाळ्या पिटल्या.

“मोठीआई, आईला येतं का गं असं?”

“तिला येतं की,” थोरली म्हणाली. “तुझ्या आईसारखं कुणालाच येत नाही.”

आवाजात टोमणा नव्हता. धाकटी उठून मोरीत गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली.

इकडे शिलाईखान्यात थोरलीची मशीन खोळीखाली तशीच होती. दोरा आता धाकटीचाही तुटायचा, स्वस्तातला आणत होते. ती मुकाट ओवून घ्यायची. गाणं बंद झालं होतं. “गळा अजून बसलेलाच का गं?” रेडिओनं एकदोनदा विचारलं, मग तीही विचारायची थांबली. ती थांबली म्हणजे तिला काहीतरी कळलं होतं.

आणि मग एका दुपारी मास्तरांनी धाकटीला टेबलापाशी बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडा उजेड होता.

“छोटी ऑर्डर आलीय,” ते म्हणाले. “शाळेचे शर्ट. कॉलरला एक हात कमी पडतोय. मालकांना म्हटलं, ह्या कामापुरतं ते एका चुलीचं जरा बाजूला ठेवा. हो म्हणाले. तुझ्या जाऊला पाठव सोमवारपासून.”

धाकटीनं फक्त हो म्हणायचं होतं.

“त्या दिवशी त्यांचं काय बिनसलं, मला अजून समजत नाही,” मास्तर पुढे म्हणाले. “एवढा तयार हात. मनाला लावून घेतलं असेल. बायामाणसांचं होतं तसं. काय?”

होतं तसं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण इतके दिवस धाकटीच्या गळ्यात जे बसलं होतं ते त्याच क्षणी वर आलं. कुणीतरी आपल्याला एकदा शिवी द्यावी, म्हणजे सुटेन, असं तिला झालं होतं.

“त्यांचं काही बिनसलं नव्हतं, मास्तर,” ती म्हणाली. “चूक माझी. त्या मला हाक देत होत्या आणि मी उठले नाही. मुद्दाम. त्यांना नेढं दिसत नाही ना, रोज मीच ओवून देते. त्या दिवशी दोरा तुटला आणि मी नाही ओवला. म्हणून त्या हरल्या. मी नीच आहे, मास्तर.”

बोलून झाल्यावर तिला खरंच हलकं वाटलं. पाठीवरचा गठ्ठा उतरवल्यासारखं. तिनं वर पाहिलं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं जे पुढे केलं होतं त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“नेढं दिसत नाही?” ते म्हणाले. “कधीपासून?”

धाकटीची नजर खोळ घातलेल्या मशीनकडे गेली.

“इतकी वर्षं?” त्यांनी टेप गळ्यातून काढली. “अगं, सुई बोटातून गेली असती तर? मालक मला उभा ठेवतील का?”

“पण काम तर त्यांचं—”

“काम चांगलंच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण चष्म्याच्या बाईला मशीन नाही, ही काय आजची गोष्ट आहे का? आणि धागे कापायलाही आता जागा नाही.” त्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. “तू बोललीच नसतीस तर बरं झालं असतं. आता मला ठाऊक झालं ना. दुसरी कुणी असेल तर सांग.”

घरी पोचेपर्यंत धाकटी तीनदा थांबली. नळाच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीशी, आणि स्वतःच्या दारात. दार उघडंच होतं. आतून कात्रीला धार लावल्याचा आवाज येत होता.

ऑर्डरचं ऐकून रेडिओ दुपारीच सुटून येऊन गेली होती. बातमी धाकटीच्या आधी घरात पोचली होती, पण अर्धीच.

थोरली खुर्चीत बसली होती. बऱ्याच दिवसांनी. मांडीवर कामाची कात्री, बाजूला दुसरी एक पिशवी, धुऊन वाळवलेली. “शाळेचे शर्ट म्हणे,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर असं काही होतं की धाकटीला बघवेना. “शाळेच्या शर्टाची कॉलर म्हणजे काय, डोळे मिटून. सोमवारपासून ना? आणि हे बघ, दोघी गेलो तर चिमणीला शाळेतून आणायला भाऊजींना सांगू. नाहीतरी टेम्पो उभाच आहे. पोरगी मिरवत येईल.” ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. “बोलत का नाहीस? गळा बसला पुन्हा?”

हे तिनं थट्टेनं म्हटलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं थट्टा केली होती. म्हणजे तिनं माफ केलं होतं, आजच, कदाचित ह्या बातमीपायीच.

धाकटी खाली बसली, खुर्चीच्या पायाशी. आणि तिनं सगळं सांगितलं. मास्तर काय म्हणाले, ती काय म्हणाली, मग मास्तर काय म्हणाले. या वेळी तिचा आवाज खरोखर बसला.

थोरली ऐकत होती. कात्री तिनं मिटली. मिटल्यावरही हातातच ठेवली.

“डोळ्यांचं सांगितलंस,” ती म्हणाली.

“मी माझं पाप सांगत होते, जाऊबाई.”

“पाप तुझं. डोळे माझे होते.”

पलीकडे चिमणी पाढे म्हणत होती. एक पाढा संपून दुसरा सुरू झाला.

“जिथं तोंड उघडायचं होतं,” थोरली म्हणाली, “तिथं गप्प बसलीस. आणि जिथं गप्प बसायचं तिथं तोंड उघडलंस. दोन्ही वेळा तुला स्वतःचंच बरं वाटायला पाहिजे होतं.”

धाकटीनं तिच्या पायाला हात लावला. थोरलीनं पाय मागे घेतला, रागानं नाही, विंचवाला वाट द्यावी तसा.

“मी आता काय करू? तुम्ही सांगाल ते करते. मी काम सोडते. तुमच्याऐवजी मी घरी—”

“काही करू नकोस,” थोरली म्हणाली. “तुझं करणं मला महाग पडतं, बाई.”

ती उठली, कात्री फळीवर ठेवली, पिशवीची घडी घातली. मग धाकटीचा नवरा आला आणि दारातूनच म्हणाला, “वहिनी, चहा.” थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. “दूध आहे, साखर आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “हातही आहेत.” आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. तो आपल्या बायकोकडे बघत राहिला, काय झालं म्हणून. ती तशीच खुर्चीच्या पायाशी बसून होती.

दोन दिवसांनी थोरलीच्या नाकावर चष्मा आला. काळ्या जाड काडीचा, जरा मोठाच. चिमणी म्हणाली, “मोठीआई, तू मास्तरीण दिसतेस.” चाळिशीला आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं, ती येऊन ऐटीत बसली. थोरलीनं सुई घेतली, दोरा घेतला, आणि स्वतःच ओवला. धाकटी भाजी चिरता चिरता पुढे सरकली होती, हात पुसून. तिचा हात अर्ध्या वाटेत तसाच राहिला.

सोमवारी सकाळी दोघी बरोबरच घराबाहेर पडल्या. थोरली बाजाराकडे वळली. तिकडे कपडे आखूड करून देणारी दोनतीन लहान दुकानं होती, तिथं विचारून बघणार होती. तीही बंद पडायला टेकलेली आहेत हे दोघींना ठाऊक होतं.

“मी येऊ का तुमच्याबरोबर?” धाकटीनं विचारलं. “दुकानदाराशी बोलायला?”

थोरलीनं चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. लांबचं ती अजून तसंच बघायची.

“नको,” ती म्हणाली. “तू बोलू नकोस. तुला उशीर होईल.”

शटर धाकटीनं एकटीनंच उघडलं. दिवा लावला. मागोमाग एक नवी पोरगी आली, रेडिओच्या ओळखीची, लग्न ठरलेली, मेंदी लावल्यासारखी बोटं न्याहाळत चालणारी. तिनं थोरलीच्या मशीनवरची खोळ ओढून काढली आणि घडी न घालताच खाली टाकली.

धाकटीचे पाय आपोआप तिकडे गेले. ती मशीनपुढे वाकली, दोऱ्याचं टोक शोधायला हात पुढे झाला, टोक ओठांपर्यंत आलंसुद्धा.

“काय हवंय, ताई?” पोरगीनं विचारलं.

धाकटीनं दोरा ओठांतून काढला.

“काही नाही,” ती म्हणाली.

पोरगीनं दोरा तिच्या हातातून घेतला, ओलाही केला नाही, एका झटक्यात नेढ्यातून ओढला आणि मशीनवर हात ठेवून कामाची वाट बघत बसली. धाकटी आपल्या जागेवर परत आली. तिनं कापड सारखं केलं, पाय खाली नेला. मशीन धावली, पण खालचा दोरा वर येईना. तिनं झाकण उघडलं. बॉबिन रिकामी होती; एरवी ती आल्याआल्या भरून घ्यायची, आज त्या मशीनपुढे वाकण्यात राहून गेलं होतं.

बॉबिनं भरायला आधी कोण बसायचं ते तिला आठवलं. मग ती उठली आणि एकटीच भरायला बसली.